थ्रीडीत पोळ्या कुठे लाटायच्या?

प्रश्न : कराडजवळ आमचा ४० बाय ६० फुटांचा एन.ए. प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. आर्किटेक्टने दोन मजली मॉडर्न बंगल्याचं थ्रीडी काढून दिलंय. दर्शनी बाजूला दोन मजले उंच काच, आत तेवढ्याच उंचीचा हॉल, हॉलमध्येच अधांतरी पायऱ्यांचा जिना आणि ओपन किचन. खाली गेस्ट बेडरूम, वर तीन बेडरूम. सासू-सासऱ्यांची खोली वरच आहे. ‘लिफ्टची जागा सोडली आहे, पुढे बसवू’ असं मिस्टर म्हणतात. सासऱ्यांचा वास्तूचा आग्रह आहे. बजेट ६० लाख, त्यात ३५ लाख कर्ज. मी बँकेत आहे, त्यामुळे कर्जावर माझीही सही असेल. थ्रीडी बघून घरात सगळे खूश आहेत. मला मात्र या घरात पोळ्या कुठे लाटायच्या तेच समजत नाही. तसं म्हटलं की सगळे हसतात. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाही. तुमच्या घरात आत्तापर्यंत नकाशा वाचलाय तो तुम्ही एकटीने. बाकीच्यांनी चित्र बघितलंय.

त्यांचाही दोष नाही म्हणा. आम्ही आर्किटेक्ट ती चित्रं काढतोच तशी. थ्रीडी कायम संध्याकाळी साडेसहाचं असतं. आभाळ जांभळं, घरातले सगळे दिवे लावलेले, पोर्चमध्ये तुमच्याकडे नसलेली गाडी आणि गॅलरीत एकही टॉवेल वाळत घातलेला नाही. तुमच्या चित्रात एप्रिलमधल्या दुपारचे चार वाजलेले दाखवले असते तर बैठक वेगळीच झाली असती. कारण रस्ता पश्चिमेला, म्हणजे दर्शनी बाजू पश्चिमेला, म्हणजे ती दोन मजली काचही पश्चिमेला.

दक्षिणेकडचं ऊन अडवणं सोपं असतं. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो, पण बऱ्यापैकी वर असतो. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा टाकला की बहुतेक काम भागतं. मे महिन्यात तर भर दुपारी सावली पायाखालीच येते, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही. पश्चिमेचं ऊन वेगळं. चारनंतर ते तिरपं, छज्ज्याच्या खालून थेट आत येतं आणि दिवेलागणीपर्यंत हलत नाही. पावसाळ्यात झडही त्याच अंगाने येते. दोन मजले उंच काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन किती पावसाळे टिकेल याची हमी मी तरी देणार नाही.

हे पुस्तकातलं ज्ञान नाही. नवीन असताना मी अगदी असंच घर एका कुटुंबाला करून दिलंय. पश्चिमेला काच, आत उंच हॉल. फोटो झकास आले, मी ते पुढची दोन वर्षं सगळ्यांना दाखवत फिरले. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी जाड पडदे लावले. दुसऱ्या उन्हाळ्यात काचेला चंदेरी फिल्म चिकटवली. तिसऱ्या उन्हाळ्यात मी त्या रस्त्याने गेले, तर घरावर वरपासून खालपर्यंत नर्सरीवाल्यांची हिरवी शेडनेट ताणलेली. मी गाडी थांबवली नाही.

आता पश्चिमेला काय ठेवायचं? जिथे माणूस फार वेळ बसत नाही ते. जिना, बाथरूम, कोठीची खोली. ही मंडळी ऊन आपल्या अंगावर घेतात आणि आतल्या खोल्या थंड राहतात. जिना पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला, भिंतींच्या आत घ्या. तो गच्चीवर जिथे निघतो त्या खोलीला वर झरोके ठेवा, घरातली गरम हवा त्या वाटेने निघून जाते. गंमत बघा, तुमच्या सासऱ्यांच्या वास्तूतही जिना दक्षिण-पश्चिमेला चालतो आणि स्वयंपाकघर आग्नेयेला लागतं. तुमच्या प्लॉटवर आग्नेय म्हणजे रस्त्यावरून बघताना मागचा उजवा कोपरा. तिथे सकाळचं कोवळं ऊन येईल, संध्याकाळी स्वयंपाक करताना भिंत तापलेली नसेल. माझा वास्तूवर विश्वास आहे की नाही हा इथे मुद्दा नाही. मी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच म्हणते, ‘न सुटणाऱ्या पाच गोष्टी सांगा, बाकीचं माझ्यावर सोडा.’ सासऱ्यांना या पाच गोष्टी विचारा. काचेच्या विषयात ते तुमच्या बाजूने उभे राहतील असा माझा अंदाज आहे.

दुप्पट उंचीच्या हॉलबद्दल आणखी दोन शब्द. वरच्या मजल्यावरची दीड-दोनशे चौरस फुटांची जागा तुम्ही हवेला देताय, पण तिच्या भिंती, उंच कॉलम, परांच्या, रंग, काच यांचे पैसे मोजावेच लागतात. कॉन्ट्रॅक्टर त्या पोकळीचं क्षेत्रफळ बिलात धरणार की नाही, हे आधी लेखी विचारा. इथे हमखास भांडणं होतात. शिवाय तुमची मुलगी नववीत आहे. घर उभं राहीपर्यंत ती दहावीत असेल. खाली बातम्या लागल्या, कुकरच्या शिट्ट्या झाल्या की ते सगळं त्या विहिरीतून थेट तिच्या टेबलापर्यंत जाणार. आणि वीस फुटांवरची कोळिष्टकं कोण काढणार, हेही मिस्टरांना विचारून ठेवा. त्यांना हॉल मोठा वाटायला हवा असेल तर साडेदहा-अकरा फुटांची उंची आणि उत्तरेला मोठी खिडकी पुरते.

आता सासूबाई. लिफ्टची जागा सोडलेली घरं मी पुष्कळ बघितली आहेत. त्या जागेत हमखास जुनी गादी, मुलांची सायकल आणि इन्व्हर्टरचं खोकं असतं. लिफ्ट कधी यायची तेव्हा येईल, पण त्यांना पहिल्या दिवसापासून दिवसातून चार वेळा वर-खाली करायचंय. आणि खाली गेस्ट बेडरूम कुणासाठी? मागच्या वर्षी तुमच्याकडे पाहुणे किती रात्री मुक्कामाला होते, ते बोटांवर मोजा. मग ती खोली सासू-सासऱ्यांना द्या. पाहुण्यांना मुलाची खोली मिळेल, मुलगा आजीपाशी झोपेल.

पण नुसती खोली खाली आणून भागत नाही. बाथरूमचं दार तीन फुटी हवं आणि ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत पाय घसरून कुणी दाराशी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं. एका घरात दार तोडून आजोबांना बाहेर काढायची वेळ आली होती, तेव्हापासून मी या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. कमोडची सीट जमिनीपासून १८ इंचांच्या आसपास येऊ द्या. उंबरठा नको, पाणी अडवायला उतार नीट काढला की पुरतो. धरायच्या दांड्या टाइल लावायच्या आधी ठरवा, म्हणजे प्लंबर नेमका तिथूनच पाइप नेणार नाही. टाइल मॅट घ्या. दुकानदार ‘ही पण अँटिस्किडच आहे’ म्हणाला तर तिथेच तिच्यावर पाणी ओतून चप्पल काढून उभ्या राहा.

एक पेच मात्र आहे. जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट तरी वर हवं. २०१९ च्या महापुरात पाणी तुमच्या भागात कुठपर्यंत आलं होतं ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा, कदाचित आणखी वर घ्यावं लागेल. आणि जोतं चढलं की पायऱ्या आल्या. चाकाच्या खुर्चीला चालेल असा रॅम्प एक फूट चढायला बारा फूट लांब लागतो. म्हणजे दोन फुटांना चोवीस. पोर्चची जमीनच फूटभर उचलून घेतली तर उरलेला एक फूट बारा फुटांत चढता येतो, बाजूच्या मोकळ्या जागेतून. आर्किटेक्टला हे आत्ता सांगा. मागाहून केलेला रॅम्प म्हणजे घसरगुंडी होते.

आणि जिना खाली-वर करणाऱ्या बाकीच्यांनीही एक दिवस साठीचं व्हायचंय. अधांतरी पायऱ्या, मधे पोकळी आणि काचेचा कठडा हे हॉटेलात ठीक आहे. पायरीची उंची सहा इंच, पाय ठेवायला अकरा इंच. मजला दहा फूट धरला तर वीस चढ होतात, मधे एक चौक घ्यायचा. यासाठी साडेसात बाय बारा फुटांची जागा लागते. कमी जागेत जिना बसवून देतो असं कुणी म्हणालं तर तो पायरी उंच करणार आहे हे समजून चाला.

हे सगळं घरच्यांना सांगायचं कसं? सांगू नका, दाखवा. एका रविवारी सकाळी सात वाजता सगळ्यांना घेऊन प्लॉटवर जा. सोबत दहा-पंधरा किलो फक्की (जमिनीवर रेघा मारायची पांढरी पूड), सुतळी, खुंट्या, ३० मीटरची टेप आणि नकाशाची झेरॉक्स. ओळखीचा एखादा गवंडी मिळाला तर उत्तम. तळमजला खऱ्या मापात जमिनीवर आखा. एवढ्या मोठ्या काटकोनाला गुण्या पुरत नाही, म्हणून गवंडी एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतात आणि तिरकं माप बरोब्बर पाच येईपर्यंत सुतळी सरकवतात. मुलांना हे काम द्या, शाळेतला पायथागोरस पहिल्यांदाच उपयोगाला येईल. भिंतींच्या रेघा मारा, दारांच्या जागी रेघ तोडा.

रेघा मारून झाल्या की मंडळी एक वाक्य बोलतात : ‘एवढीशीच खोली?’ घाबरू नका. मोकळ्या आभाळाखाली आखलेली खोली नेहमीच लहान दिसते, भिंती उठल्या की ती मोठी होते. या एका वाक्यापायी लोक प्रत्येक खोली दोन-दोन फुटांनी वाढवतात आणि बजेट पंधरा टक्क्यांनी. म्हणून निघण्यापूर्वी आत्ता राहताय त्या घरातल्या खोल्या मोजून कागदावर लिहून न्या. सहा बाय साडेसहाचा पलंग, पुढे अडीच फुटांची वाट, मग दोन फूट खोलीचं कपाट : अकरा फुटांत बसलं. अकरा बाय बाराची बेडरूम नीट मांडली तर कुणाचं अडत नाही. फक्त लक्षात ठेवा, नकाशातलं माप विटेपासून विटेपर्यंतचं असतं. प्लास्टर झालं की इंचभर जातं, बाथरूममध्ये टाइल लागल्यावर दोन-तीन इंच. तिथे ते दोन-तीन इंच जाणवतात.

मग त्या रेघांमधून प्रत्येकाने आपला दिवस चालून बघायचा. सासूबाईंना पलंगाच्या जागी खुर्चीत बसवा आणि रात्री दोनला बाथरूमला जायचंय असं समजून चालायला सांगा, पावलं मोजा. मिस्टरांनी गाडी आत घेऊन चारही दारं उघडून बघायची. मुलाने दप्तर आणि चिखलाचे बूट कुठे टाकणार ते दाखवायचं, खरं सांगायचं, शहाणपणाचं नाही. सासऱ्यांनी सकाळचा पेपर घेऊन ते बसतील तिथे बसायचं. ते बहुधा रस्ता दिसेल अशा जागी बसतील. जुन्या घरांत त्यासाठी ओसरी होती. मॉडर्न घरात ती जागा कुणी काढत नाही आणि मग वडीलधारी माणसं पोर्चमध्ये गाडीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. उत्तरेच्या अंगाला पाच फूट रुंद ओसरी निघत असेल तर गेस्ट रूमपेक्षा तिच्यावर पैसे घाला.

बांधकामाचं थोडक्यात सांगते, कारण त्यासाठी तुमच्याकडे इंजिनिअर आहेच. नसेल तर आधी घ्या. आर्किटेक्टच ‘आर.सी.सी. पण बघतो’, म्हणजे सळया-काँक्रीटचा हिशोबही मीच करतो, म्हणत असेल तर नको. प्लॉटवर काळी माती असेल तर ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतींना तडे देते. म्हणून पाया ठरवण्यापूर्वी खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघायचं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तुमच्या सासऱ्यांना विचारा, कोयनेच्या भूकंपाची आठवण कराडच्या त्या पिढीत सगळ्यांना आहे. भूकंपात घर वाचवणाऱ्या गोष्टी फार बारीक असतात. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगचं टोक नुसतं काटकोनात वाकवलं तर हादऱ्यात रिंग उघडते. ते १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या पोटात वळवायचं, आणि बीम-कॉलमच्या सांध्याजवळ रिंगा दाट बांधायच्या. सळया बांधणाऱ्या फिटरला हे करायला वेळ जास्त लागतो म्हणून तो टाळतो. काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून इंजिनिअरला पाठवा. आणि स्लॅबवर आळी करून निदान दहा-बारा दिवस पाणी राहू द्या, कॉलमना गोणपाट गुंडाळा. यात खर्च जवळजवळ नाहीच, म्हणूनच कुणी मनावर घेत नाही.

मंजुरीला दिलेला नकाशा आणि थ्रीडी एकाच घराचे आहेत ना, तेही तपासा. हसू नका, पुष्कळदा नसतात. मंजूर नकाशाप्रमाणे घर नसलं की शेवटी भोगवटा प्रमाणपत्र अडतं. कर्जाचे हप्तेही काम जसं पुढे सरकेल तसे सुटतात, हे तुम्हाला बँकेत राहून मी काय सांगणार. तरी ६० लाखांतले सहा बाजूला ठेवा आणि ते आहेत हे घरात कुणाला सांगू नका. कंपाउंड, बोअर, वीज जोडणी, पाण्याची टाकी, वास्तुशांत यांचा हिशोब चौरस फुटाच्या दरात कुणीच धरत नाही.

न विचारलेलं एक सांगते, रागावू नका. ३५ लाखांच्या कर्जावर तुमची सही असणार आहे. उताऱ्यावर तुमचं नाव आहे का? नसेल तर पायाच्या आधी तो विषय काढा. हा अविश्वासाचा प्रश्न नाही. तुमच्या बँकेत एखादी बाई असं कर्ज घेऊन आली असती तर तुम्हीही तिला हेच विचारलं असतं.

आता तुमच्या पोळ्यांकडे येते.

ओपन किचन मला आवडतं, पण माझ्या घरी फोडणी बेताची असते. तुमच्याकडे आठवड्यातून एकदा रस्सा आणि एकदा ठेचा होत असेल तर खमंग वास सोफ्याच्या कापडात मुक्कामाला येतो. मधे सरकतं दार टाका. हवं तेव्हा उघडं, मिरच्या भाजताना बंद. सिंकच्या मागच्या बाजूला, पूर्वेला, भांडी घासायची मोरी आणि वॉशिंग मशीन. तिला बाहेरून स्वतंत्र दार हवं, म्हणजे तुम्ही सव्वानऊला बँकेत निघालात तरी कामाच्या बाईंना अख्खं घर ओलांडून यावं लागणार नाही. जुलैत कपडे वाळायला छत असलेली जागा तिथेच निघते. गावाकडून शाळूची पोती येत असतील तर ती नकाशात कुठे आहेत? वर्षाच्या चटणीच्या बरण्या? ट्रॉल्यांच्या सुंदर रांगेत ५० किलोचं पोतं बसत नाही. पाच बाय सहाची कोठी काढा, पलंगाखाली पोती सरकवण्यापेक्षा बरी.

ओट्याची उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून पाच-सहा इंच वजा करा. पाच फुटांच्या बाईला ३२-३३ इंच येतात. पण पोळ्या लाटताना वरून जोर लागतो आणि सासूबाईंना उभं राहवत नाही. म्हणून मोठ्या ओट्याला काटकोनात, पूर्वेच्या खिडकीशी, तीन फूट लांबीचा एक छोटा ओटा बसून लाटता येईल इतका खाली घ्या. खाली कपाट नको, गुडघे आत जायला मोकळी जागा हवी. शेगडी तिथून हात लांब केला की लागेल एवढ्या अंतरावर. म्हणजे एकीने लाटायच्या, दुसरीने भाजायच्या, आणि उंचीवरून दोघींचीही पाठ धरणार नाही.

तर रविवारी फक्की आणि टेपेबरोबर घरातली एक खुर्ची आणि पोळपाट-लाटणंही न्या. सासूबाईंना खिडकीच्या जागी बसवा, समोर एक पेटी ठेवा, तिच्यावर पोळपाट. खाली एकेक वीट लावत जा आणि त्या ‘बस्, एवढं’ म्हणतील तिथे जमिनीपासून टेप लावून आकडा लिहून घ्या. आर्किटेक्टकडे जाताना तोच कागद सगळ्यात वर ठेवा.